लाभ, दोन, तीन

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, काट्यासमोर बसून कधी 'एक' म्हटलं नाही. पहिलं माप पडलं की 'लाभ', मग दोन, मग तीन. हिंगोलीच्या बाजारात त्यांची सारी हयात मापाडी म्हणून गेली. शेजारच्या अडतीवर एक चाचा होते, ते तेच पहिलं माप 'बरकत' म्हणून मोजायचे. दोघांचे सूर ओट्यावर दुपारभर एकमेकांत मिसळत राहायचे. एकाचा लाभ, दुसऱ्याची बरकत, आणि तिथून पुढे दोघांचेही आकडे सारखेच. आबा घरी आले की त्यांच्या धोतराला सरकीचा, ज्वारीचा, कधी मिरचीचा वास असे. पाय धुऊन ते अंगणातल्या बाजेवर बसत आणि बाजाराच्या गोष्टी सुरू होत. मी त्या गोष्टींवर वाढले. पुस्तकातला इतिहास पुष्कळ नंतर भेटला, आणि भेटला तेव्हा कित्येक ठिकाणी आबांच्याच गोष्टी त्यात निघाल्या.

हिंगोलीत सोन्याची खाण नाही, कधी नव्हती. पण सोनं हा शब्द इथल्या माणसाच्या तोंडी सतत असतो. कापूस पांढरं सोनं, हळद पिवळं सोनं. 1848 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ओढ्यात सोन्याचे कण चमकले आणि पुढच्याच वर्षी जगभरची माणसं तिकडे धावली. तंबूंची गावं उभी राहिली, त्यांत बाजार बसले, आणि सोनं सरल्यावर त्यातली कित्येक गावं ओस पडली. शाळेत हे वाचलं तेव्हा मला आमचा सदर बाजार आठवला. आमच्याकडचं सोनं मात्र वाळूत सापडणारं नव्हतं, ते दरसाल पेरावं लागायचं. आणि त्याच्याही आधी या बाजाराला जे पहिलं सोनं लागलं, ते जमिनीतून आलंच नव्हतं. ते पगाराचं होतं.

हिंगोलीतल्या वस्त्यांची नावं ऐका. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. पलटणीत पायदळ, रिसाल्यात घोडदळ, तोफखान्यात तोफा, आणि नोकरी संपल्यावर गावी न जाता जे इथेच राहिले त्यांचा पेन्शनपुरा. निजामाच्या खर्चानं पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात चालणारी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. तिची एक मोठी छावणी हिंगोलीला पडली, आणि छावणीच्या मुख्य बाजाराला सदर बाजार हे नाव मिळालं. हजारभर माणसं आणि तितकीच जनावरं एका जागी राहायला आली की त्यांच्यामागे काय काय येतं, हे आबा बोटांवर मोजत सांगायचे. घोड्याला चंदी लागते, नाल लागतात, खोगीर शिवणारा लागतो. शिपायाला कापड, तंबाखू, गूळ, पीठ लागतं. साहेबाला काचेचं सामान लागतं, पाव लागतो. गावाकडे पत्र आणि पैसे पाठवायला सावकाराची पेढी लागते. "पगार झाला की चार दिवस बाजारात पाय ठेवायला जागा नसायची," हे आबा असं सांगत की जणू स्वतः पाहिलंय. पाहिलं होतं त्यांच्या आजोबांनी.

या पगाराचा उगम मात्र पैनगंगेपलीकडे होता. फौजेच्या खर्चाची बाकी निजामाकडे थकत गेली आणि 1853 च्या तहानं इंग्रजांनी त्यापोटी वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतलं. नदीपलीकडच्या काळ्या रानात कापूस पिकायचा, त्याच्या साऱ्यातून नदीअलीकडच्या शिपायाचा पगार निघायचा. आबांना तह माहीत नव्हता. ते एवढंच म्हणायचे, "पलटण आमची, पण तिची भाकर वऱ्हाडातून यायची." तह मी वीस वर्षांनी वाचला.

सदर बाजाराची जी गोष्ट मला लहानपणी सगळ्यांत जास्त भिववायची, ती मोठी माय सांगायची. मोठी माय म्हणजे आबांची बायको, माझी आजी. तिचं माहेर सेनगावकडचं, पैनगंगेच्या काठाचं. बाजाराला निघालं की ती बजावायची, "अनोळखी माणसाच्या रुमालापाशी जाऊ नको गं." का, ते ती पुरतं सांगत नसे. एवढंच म्हणे, की या बाजारात फार मागे एक कापडवाला होता, गोड बोलायचा, साहेबलोक त्याच्याकडून कापड घ्यायचे, आणि त्याच्या दुकानामागे माणसं पुरलेली होती. मी ती भुताखेताची गोष्ट समजले होते.

कॉलेजात असताना फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्याचं ठगांवरचं पुस्तक हाती आलं. ते 1839 मध्ये लंडनला छापलेलं. त्याच्या प्रस्तावनेत हिंगोली दिसली आणि माझ्या अंगावर काटा आला. कापडवाला खरा होता. त्याचं नाव हरिसिंग. छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी. टेलर स्वतः लिहितो की इतरांप्रमाणे त्याचाही या माणसाशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. हरिसिंगला खबर लागली की हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघालाय. त्यानं जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला, मुंबईहून माझा माल येतोय, परवाना द्या. परवाना मिळाला. मग वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारून त्यानं तोच माल त्याच परवान्यावर छावणीत आणला आणि उघड्या बाजारात विकला. पकडला गेल्यावर त्यानं स्वतः कबूल केलं म्हणून हे कळलं. नाहीतर कधीच कळलं नसतं.

टेलर पुढे लिहितो, छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात, हरिसिंगच्या टोळीनं माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. माफीचे साक्षीदार झालेले ठग जागा दाखवत गेले आणि खड्डे उघडत गेले. टेलर तिथे हजर होता.

या गोष्टीतला रुमाल मला सोडत नाही. ठगांचं हत्यार रुमाल. आमच्या गुरांच्या बाजारात दलाल भाव ठरवायचे तेही रुमालाखालीच. दोन हात रुमालाआड जाणार, बोटं दाबली जाणार, भोवतीच्या माणसांना काही कळणार नाही आणि बैल विकला गेलेला असणार. आबांच्या लेखी या रुमालात बाजाराची अब्रू होती. मोठी मायच्या लेखी त्यात भीती होती. तिच्या माहेरी दोन बैल असेच रुमालाखाली गेले आणि कवडीमोल गेले, असं ती म्हणायची. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईची ही शंका मला आजही पटते. जिथे भाव मोठ्यानं बोलला जात नाही, तिथे विकणारा एकटा पडतो.

छावणीनं बाजारात भाषाही आणल्या. पलटणीत उत्तरेकडचे शिपाई पुष्कळ होते. आमच्याकडे त्यांना परदेशी म्हणतात, आणि त्यांची आडनावं आजही हिंगोलीत आहेत. हिंगोलीचा दसरा मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. खाकीबाबा मठानं 1855 च्या सुमाराला तो सुरू केला असं सांगतात. रामलीला मैदानावर रावण जळतो, प्रदर्शन भरतं, खेड्यापाड्यांतून माणूस लोटतो. नामदेवांचं नरसी इथून जवळच आहे. कीर्तनाच्या या मुलखात रामलीला कशी रुजली, याचं उत्तर आबांच्या मते त्या परदेशी शिपायांत होतं. दसऱ्याच्या दिवसांत सगळा सदर बाजार मध्यरात्रीपर्यंत जागा असायचा, आणि आबांच्या तोंडी तेवढे दिवस हिंदी यायची.

मग पांढरं सोनं आलं. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि लँकेशायरची चाकं आपल्या कापसाकडे डोळे लावून बसली. वऱ्हाड, खानदेश आणि त्याला लागून असलेला आमचा पट्टा एका हंगामात श्रीमंत झाल्यासारखा झाला. मुंबईत शेअरचा बाजार फुगला आणि युद्ध संपताच फुटला, ती हकीकत पुस्तकांत आहे. खेड्यात काय झालं, ते पुस्तकांत कमी आहे. आबा सांगायचे, त्यांच्या पणजोबांच्या काळात एका वर्षी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या आणि तिसऱ्या वर्षी त्याच शेंब्या सावकाराच्या तिजोरीत गेल्या.

त्याआधी आणि नंतरही पुष्कळ वर्षं माल वाहणारे लमाणच. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून त्यांचे तांडे चालत. येताना मीठ, जाताना धान्य, कापूस. आज सेनगाव, औंढा, कळमनुरीकडे इतके तांडे का आहेत, तर हे सगळे रस्ते त्यांनी चालून मळवलेले आहेत. 1867 पर्यंत भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे झाली आणि अकोला हे कापसाचं मोठं ठाणं बनलं. आमच्या बाजारातून अकोला सव्वाशे किलोमीटर. कापसाच्या गाड्या रात्री निघत, बैलांच्या गळ्यातल्या घाटी वाजवत कनेरगावची वाट धरत आणि पैनगंगा उतरून वाशिमला लागत. कनेरगावला आजही कनेरगाव नाका म्हणतात. निजामाची हद्द तिथे सरायची. करोडगिरीचे शिपाई गाड्या अडवायचे, जकात घ्यायचे. पुढे इंग्रजी मुलूख, इंग्रजी कायदा, इंग्रजी रुपया.

रुपयाचंच घ्या. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सात हालीचे सहा कलदार, असा साधारण हिशेब. आबा बाजारातलं कुठलंही सामान बघून दोन्ही भाव तोंडी सांगायचे, आणि सालही दोन सांगायचे. जुन्या चोपड्यांत सन फसली असतो, त्यात 590 मिळवले की इंग्रजी सन मिळतो. पल्ला, मण, शेर, पायली या सगळ्यांची गणितं त्यांच्या डोक्यात असत. चौथी शिकलेला माणूस, पण दोन राज्यांच्या सीमेवर जगायचं तर एवढं यावंच लागायचं.

1903 साली कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदी फौजेत मिसळून टाकण्यात आली आणि हिंगोलीची छावणी उठली. एवढ्या एका वाक्यात पुस्तकं हे संपवतात. आमच्या घरात ते संपत नाही. आबांच्या वडिलांनी ते पाहिलेलं होतं. घोडे गेले, मग चंदीवाले गेले, मग नालबंद गेले. खोगीर शिवणारं एक कुटुंब राहिलं, ते चपला शिवू लागलं. बंगल्यांची कौलं उतरली. सदर बाजारात गिऱ्हाईक उरलं ते पेन्शनपुऱ्यातलं, महिन्यातून एकदा येणारं. कॅलिफोर्नियातल्या गावांसारखा हा बाजारही तेव्हाच मिटायचा. तो तगला तो आगगाडीमुळे. 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज आली आणि आमचं गाव त्या फाट्याचं शेवटचं स्टेशन झालं. शेवटचं स्टेशन म्हणजे सगळा माल इथेच चढायचा. बैलगाड्या आता अकोल्याकडे जाण्याऐवजी चारी बाजूंनी हिंगोलीकडे येऊ लागल्या. कापूस पूर्णा, मनमाड करत मुंबईला पोचू लागला. बाजाराचं तोंडही त्याबरोबर फिरलं, छावणीकडून स्टेशनकडे.

जिनिंगमधली मोठी मायची आठवण याच्या नंतरची. ती लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत कापसाच्या कारखान्यात जाऊ लागली. सरकी निघायची, रुई उडायची, शेड पांढरीधोट व्हायची. बाया तोंडाला पदर बांधून कवडी वेचायच्या, पिवळा, किडका कापूस बाजूला काढायच्या. तान्ही पोरं रुईच्या ढिगाच्या कडेला झोपलेली असायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवया पांढऱ्या असत. तिला आयुष्यभर खोकला राहिला. हजेरीच्या वहीत तिचं नाव कधी लिहिलं गेलं नाही. 'बाया 14' असा आकडा असायचा, ती त्या चौदांत होती. जुन्या बाजारावर कुणी लिहितो तेव्हा पेढ्यांची नावं लिहितो, वाड्यांच्या कमानींचं वर्णन करतो. त्या कमानी त्या चौदाजणींच्या फुप्फुसांवर उभ्या आहेत, हे मला लिहायचं होतं, म्हणून मी हा लेख लिहायला घेतला.

एका चांगल्या कापसाच्या साली आबांनी तिला बोरमाळ केली. सदर बाजारातल्या सराफाकडूनच. आमच्या घरात आलेलं पहिलं खरं सोनं ते.

1948 चं वर्ष आमच्या घरात हळू आवाजात सांगितलं जायचं. रझाकारांच्या दिवसांत बाजार दुपारीच बंद होऊ लागला. सरहद्दीजवळच्या गावांतली माणसं रातोरात पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. मोठी मायचं माहेर असंच गेलं, जात्याचा खुंटासुद्धा काढून घेऊन. 17 सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं. नंतरच्या आठवड्यांत उलटं घडलं, आता चाचांच्या माणसांची दारं बंद झाली. मराठवाड्यात त्या दिवसांत निरपराध मुसलमान मारले गेले. सुंदरलाल समितीनं ते नोंदवलंय, आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांनी ते पाहिलंय. आबा पंधरा दिवस रोज सकाळी चाचांच्या घरी पाणी आणि पीठ पोचवून मग काट्यावर जायचे. काट्यावर चाचांची जागा रिकामी होती. सोळाव्या दिवशी ते आले, बसले, पहिलं माप पडलं, आणि बराच वेळ त्यांच्या तोंडून बरकत निघाली नाही. आबांनी त्यांच्या वतीनं म्हटलं. हे सांगताना आबा थांबायचे.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच दशकात करोडगिरी गेली, हाली सिक्काही सरला. 1960 च्या सुमाराला रेल्वे पुढे अकोला, खांडव्याला जोडली गेली आणि हिंगोलीचं शेवटचं स्टेशनपण संपलं. व्यापाऱ्यांना ते सोयीचं वाटलं, पण माल आता इथे थांबेनासा झाला. खरा घाव 1972 चा. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे त्याच वर्षापासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा हा हेतू रास्त होता, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण जुन्या बाजारातला कापसाचा व्यापार त्या दिवशी उठला. जिनिंगची शटरं पडली. आबांचा काटा ज्वारी, तूर, मूग यांवर आला. त्याच साली बोरमाळ सराफाच्या तिजोरीत गेली. दुष्काळात सगळ्या मुलखाचं सोनं तिथे गेलं होतं. आबा म्हणायचे, चांगल्या साली ज्या गादीवर बसून माणूस दागिना घेतो, वाईट साली त्याच गादीसमोर उभा राहून तो परत देतो. बसायला कुणी सांगत नाही.

पिवळ्या सोन्याची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं 1968 च्या आसपास उभी राहिली. कालव्याचं पाणी वसमतच्या रानात गेलं आणि ऊस, केळीच्या जोडीला हळद वाढू लागली. आबांच्या लहानपणी हळद किराणा दुकानात पुडीनं मिळायची. लग्नसराईत हळकुंडाचा खप, एरवी भाजीत चिमूटभर. तिचा सौदा म्हटला की सांगलीचं नाव. ती आमच्याकडे गाड्या भरभरून पिकेल आणि तिचा मोंढा आमच्या गावात भरेल, हे त्यांना खरं वाटलं नसतं. आज हिंगोली बाजार समितीचं संत नामदेव हळद मार्केट यार्ड मराठवाड्यातल्या हळदीच्या मोठ्या बाजारपेठांत मोजलं जातं. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं हरिद्रा संशोधन केंद्र होतंय. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

मार्च लागला की या. वसमत, कुरुंदा, औंढ्याच्या रस्त्याला शिवारात बॉयलर धडधडत असतात आणि वाफेला हळदीचा ओला, मातकट, थोडा तिखट वास असतो. जूनला बेणं लावायचं, नऊ महिने सांभाळायचं, मग पाला कापून गड्डे उपटायचे, मोडायचे, शिजवायचे, पंधरा दिवस उन्हात घालायचे, ड्रममध्ये पॉलिश करायचे. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीस-पंचवीस किलो उरते. मोडणी बायांच्या हाताला. त्यांची बोटं, नखं, पायांच्या भेगा महिनाभर पिवळ्या असतात. मोठी मायच्या पांढऱ्या भुवयांच्या जागी या पिवळ्या बोटांच्या बाया आल्या, आणि त्यांचीही हजेरी पुष्कळ ठिकाणी आकड्यातच मांडली जाते.

यार्डाबाहेर रात्रीपासून ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. आवक फार झाली की मोजमाप उरकेपर्यंत खरेदी थांबवावी लागते. शेतकरी ट्रॉलीखाली गोधडी टाकून झोपतात. सकाळी हर्राशी सुरू होते. कांडीचा ढीग वेगळा, गट्टूचा वेगळा. खरेदीदार कांडी मोडतो, आतला रंग बघतो, कानाजवळ नेऊन तिचा आवाज ऐकतो. भाव मोठ्यानं पुकारला जातो. रुमाल नाही. मोठी मायला हे दाखवायला हवं होतं.

पण भावाचा लहरीपणा तोच आहे. 2010-11 मध्ये हळद देशात क्विंटलला 17 हजारांच्या घरात गेली. ज्यांनी कधी हळद बघितली नव्हती त्यांनी बेणं महागात घेऊन लावलं. वर्षभरात भाव चार-पाच हजारांवर आला. माझे एक काका त्यात सापडले. माल त्यांनी एका अडतीवर ठेवला होता, पट्टी पुढच्या महिन्यात देतो म्हणून सांगितलं गेलं आणि अडतीचं दार एके दिवशी उघडलंच नाही. काकांनी दोन एकर विकले. 2023 च्या पावसाळ्यात भाव पुन्हा 15 हजारांच्या पुढे गेला तेव्हा काकांच्या शेतात हळद नव्हती. त्यांनी सोयाबीन लावलं होतं.

सदर बाजार आता या सगळ्यापासून लांब पडलाय. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, गाव नव्या रस्त्यांकडे पसरलं. 2008 मध्ये रेल्वेही ब्रॉडगेज झाली. जुन्या अडतींच्या ओट्यांवर मोबाईलचे कव्हर, साड्या, प्लास्टिकच्या बादल्या विकायला आहेत. काही वाड्यांच्या माड्यांवर लाकडी कठडे शिल्लक आहेत, खाली शटर आणि वर पारव्यांचं घुमणं. हळदीची पट्टी मिळालेला शेतकरी मात्र अजून इकडे येतो. बरोबर बायको असते, लग्नाची मुलगी असते. तो सराफाच्या गादीवर बसतो. यार्डातली हळद, त्याआधीचा कापूस, त्याआधीचा पगार, सगळं शेवटी याच गादीवर तोळ्यांत, ग्रॅमात मोजलं गेलं आहे.

गेल्या वर्षी एक जुना वाडा पाडायला काढला. मी गेले तोवर माडीवरच्या चोपड्या रद्दीवाल्याच्या गाडीवर चढल्या होत्या. लाल कापडात बांधलेल्या, मोडीत लिहिलेल्या, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी विनवणी करून तीन घेतल्या. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी त्या माझ्याबरोबर बसून वाचल्या. एकीत गाडीभाडं आहे, कनेरगावची करोडगिरी आहे, सरकीचे भाव आहेत. दुसरीत गहाणाच्या नोंदी आहेत. पाटल्या, गोठ, सरी, बोरमाळ. प्रत्येक नोंदीपुढे गाव आहे, वजन आहे, फसली साल आहे. बऱ्याच नोंदींपुढे सोडवल्याची खूण नाही. आमच्या बोरमाळेची नोंद यात नाही, ती नंतरची. आबांनी ती 1976 ला सोडवली होती. ती आता माझ्या आईकडे आहे.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही जुन्या बाजारात ज्यांची पिढीजात दुकानं आहेत, ज्यांच्या घरी मापाडी, हमाल, मुनीम, जिनिंगमधल्या बाया होऊन गेल्या, त्यांना माझं सांगणं आहे. वाडा पाडायच्या आधी माडीवर एकदा चढा. मोडीतला एकही कागद रद्दीत देऊ नका. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर आज संध्याकाळीच त्यांच्या बाजेजवळ बसून विचारा, त्यांच्या वेळी पहिलं माप मोजताना काय म्हणायचे.